वाचकांचे प्रश्न : सोळाव्या नंबरची गाडी पहिल्या नंबरला घरी कशी पाठवते?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या एनएचआरए या संस्थेच्या ड्रॅग रेसिंगवर, म्हणजे शेजारी शेजारी दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीवर, अर्धं पान लिहिलं होतं, त्यात जाता जाता म्हणून गेलो की रविवारच्या एलिमिनेशन राउंड (हरला तो बाद) बघा, शनिवारचं क्वालिफाइंग (वेळेवरून नंबर लावणं) नाही बघितलं तरी चालेल. त्यावर इतके मेसेज आलेत की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतोय. चेन स्प्रॉकेट आणि मायलेजवाल्यांनी महिनाभर दम धरा, तुमचे प्रश्न जपून ठेवलेत.

काका, यूट्यूबवर एक टॉप फ्युएलची, म्हणजे सगळ्यात फास्ट क्लासची, रेस बघितली. डावीकडच्या गाडीचा टाइम ३.७२ आला, उजवीकडच्या गाडीचा ३.६९. आणि विनरचा लाइट लागला डावीकडे! मित्राशी मिसळीची पैज लावलेली, ती हरलो. हे काय गौडबंगाल आहे? (कोथरूडहून एक वाचक)

गौडबंगाल नाहीये, पैज तुम्ही रीतसर हरलात, मिसळ खायला घाला. स्क्रीनवर जो आकडा मोठ्या अक्षरात येतो तो अर्धीच गोष्ट सांगतो. ड्रॅग रेसमध्ये प्रत्येक गाडीमागे दोन हिशेब चालतात, हिरवा दिवा लागल्यापासून गाडी जागची हलेपर्यंत जो वेळ जातो तो रिअ‍ॅक्शन टाइम, आणि गाडी स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशाच्या बीममधून सुटल्यापासून फिनिशपर्यंत जो वेळ लागतो तो ईटी, म्हणजे इलॅप्स्ड टाइम. ईटीचं घड्याळ हिरव्यावर चालू होत नाही, गाडी हलली की चालू होतं. म्हणजे हिरवा लागल्यावर तुम्ही डुलकी काढलीत आणि मग निघालात तरी ईटी झकास येणार, फक्त शेजारचा तोवर पलीकडे पॅराशूट गुंडाळत असेल.

आता आकडे घालून बघा. समजा डावीकडच्याचा रिअ‍ॅक्शन ०.०४५ आणि ईटी ३.७२०, बेरीज ३.७६५. उजवीकडच्याचा रिअ‍ॅक्शन ०.०९० आणि ईटी ३.६९०, बेरीज ३.७८०. डावीकडचा जिंकला, १५ हजारांश सेकंदांनी. या गाड्या फिनिशला ताशी ५३० किलोमीटरच्या आसपास असतात, त्या स्पीडला १५ हजारांश म्हणजे सव्वादोन मीटर, आणि गाडीचा नुसता व्हीलबेसच साडेसात मीटरपेक्षा जास्त आहे. म्हणजे नाकाचा शेंडा पुढे. याला होलशॉट विन म्हणतात आणि ज्याची गाडी जास्त फास्ट असून हरली त्या ड्रायव्हरला त्या रात्री कोणी फोन करत नाही.

हा दिव्यांचा खांब, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, तो १९६३ पासून आहे, त्याआधी झेंडा घेऊन माणूस उभा असायचा. प्रोफेशनल क्लासमध्ये तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदांनी हिरवा. त्यामुळे हिरवा बघून निघायचं हा प्रकारच नाही, हिरवा दिसेपर्यंत थांबलात तर संपलात, पिवळा चमकला की पाय दाबायचा आणि गाडी हलेपर्यंत हिरवा लागलेला असावा असा हिशेब. जरा जास्तच चलाख निघालात, हिरव्याच्या एक हजारांश सेकंद आधी जरी बीम सोडला, तर लाल. लाल लागला की खेळ खलास, मग तुमची गाडी पुढे जागतिक रेकॉर्ड करू देत.

क्वालिफाइंगला जो पहिला आला त्यालाच सरळ विनर का नाही देत? १६ गाड्यांची परत परीक्षा कशाला? आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून लावतात का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कात्रज)

चिठ्ठ्या बिठ्ठ्या काही नाही रे बाबा, जोड्या क्वालिफाइंगच्या नंबरावरून ठरतात. एक विरुद्ध सोळा, दोन विरुद्ध पंधरा, तीन विरुद्ध चौदा, असं करत आठ विरुद्ध नऊ. याला लॅडर म्हणतात आणि तो अशा बेतानं मांडलेला असतो की एक आणि दोन नंबरवाले फायनलशिवाय समोरासमोर येत नाहीत. सोळाच्या आठ, आठच्या चार, चारच्या दोन. चार राउंड जिंकलास की ट्रॉफी, एकदा हरलास की ट्रेलर भरायला घे. बेस्ट ऑफ थ्री नाही, रिपीट नाही, नेट रनरेट नाही.

आता तुझा खरा प्रश्न. क्वालिफाइंगमध्ये तुला दोन-तीन-चार चान्स मिळतात आणि त्यातला बेस्ट एकच धरतात. म्हणजे तीन वेळा टायर धूर काढत गेले आणि चौथ्यांदा भन्नाट गेली तरी तू एक नंबर. त्यातून शुक्रवारी रात्रीचं सेशन असेल तर हवा थंड, ट्रॅक थंड, इंजिनला ऑक्सिजन भरपूर, सगळे तिथेच आकडे काढून घेतात. आणि रविवारी पहिला राउंड कधी? दिवसा, उन्हात. तापलेल्या ट्रॅकला चिकटपणा वेगळा, शुक्रवारी रात्रीचा सेटअप तसाच ठेवला तर टायर जागच्या जागी फिरणार. मग एक नंबरवाल्याचा ट्युनर, म्हणजे क्रू चीफ, पॉवर कमी करतो. किती कमी करायची हाच सगळा जुगार आहे, जास्त कमी केली तर समोरचा सोळा नंबरवाला ज्याला गमवायला काही नाही तो सगळं पणाला लावून येतो आणि पुढे निघून जातो, फारच थोडी कमी केली तर तुझे टायर सुटतात आणि तो पुन्हा पुढे निघून जातो. माझं स्पष्ट मत असं की एलिमिनेशनमध्ये घड्याळाशी भांडण नसतंच, भांडण शेजारच्या लेनशी असतं, आणि हे ज्या क्रू चीफला पटतं तो तीन-चार नंबरवरून क्वालिफाय होऊनसुद्धा रविवार मारून नेतो.

याचंच दुसरं टोक म्हणजे पेडलिंग. क्वालिफाइंगला टायर सुटले की ड्रायव्हर पाय काढतो आणि गाडी तशीच पुढे जाऊ देतो, विषय संपला. एलिमिनेशनला मात्र आधी शेजारी बघायचं, त्याचेही टायर सुटलेत का? सुटले असतील तर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, पकड परत आली असं वाटलं की दाबायचा, परत सुटली की परत सोडायचा, आणि हे सगळं चार-पाच सेकंदांत. अशा रेसचे आकडे बघशील तर लाज वाटेल इतके फालतू असतात आणि स्टँड मात्र उभं राहून ओरडत असतं.

लेनचंही राजकारण आहे. पहिल्या राउंडला वरच्या नंबरवाल्याला लेन निवडायला मिळते, पुढच्या राउंडपासून मागच्या राउंडला ज्याचा ईटी चांगला त्याला. आता वरच्या कोथरूडच्या उत्तराशी जोडून बघ, होलशॉटवर जिंकलेला माणूस पुढे तर जातो पण त्याचा ईटी कमजोर असतो, त्यामुळे पुढच्या वेळी लेन समोरचा निवडतो आणि याला उरलेली, बहुतेक वेळा जास्त खराब झालेली लेन मिळते. समोरच्याची गाडी बिघडली आणि तो आलाच नाही तर तू एकटा पळतोस, फक्त रीतसर स्टार्ट घेतला तरी जिंकलास, पण पुष्कळ टीम्स तेव्हाही पूर्ण ताकदीनं पळतात, का तर पुढच्या लेनचा हक्क पाहिजे.

दोघांनाही लाल लागला तर? (औंध)

जो आधी सुटला तो हरला. आणि एकाला लाल लागला पण दुसरा मधली रेघ ओलांडून शेजारच्या लेनमध्ये घुसला, तर रेघ ओलांडणारा हरतो, कारण ती चूक जास्त मोठी धरतात. लाल लागलेला माणूस मान खाली घालून बसलेला असतो आणि पलीकडे पोचल्यावर त्याला कळतं की आपण जिंकलोय.

आम्ही मंचरकडचे, आमच्या घरचा शर्यतीचा बैलगाडा आहे. तुमचा लेख वाचून पोरगं म्हणालं हे तर आपलंच आहे. खरंय का? (आंबेगाव तालुक्यातून)

पोरगं हुशार आहे, पण अर्धंच बरोबर. तुमच्याकडे खेड, आंबेगाव, जुन्नर भागात घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एका वेळी एकच गाडा सुटतो, निशाण पडलं की घड्याळ चालू आणि सेकंदांवर नंबर. शेजारी कोणी नाही. बारी चांगली झाली का वाईट हे घड्याळच सांगणार. ते झालं यांचं क्वालिफाइंग. साताऱ्या-सांगलीकडे मैदानात छकड्या एकदम सोडतात, गट काढतात, गटातला पहिला सेमीला, सेमीतला पहिला फायनलला. तिथे सेकंद कोणी विचारत नाही, पुढे कोण होता तेवढंच विचारतात. ते झालं एलिमिनेशन. म्हणजे या अमेरिकन लोकांनी शुक्रवार-शनिवार घाट ठेवलाय आणि रविवारी मैदान. तुमच्या घाटातला राजा मैदानात सेमीलाच घरी जाऊ शकतो हे तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही, आणि हे वाक्य साताऱ्याच्या पाहुण्यांना दाखवू नका.

माझं नाना पेठेत गॅरेज आहे. बुलेटचं हेड खोलून रिंग पिस्टन टाकायचं म्हटलं तरी पोरं दिवस घालवतात. तुम्ही लिहिलंत की ही माणसं दोन राउंडच्या मध्ये अख्खं इंजिन उतरवतात. थापा ना? (नाना पेठ)

थापा नाहीत मालक. आणि पोरांना ओरडू नका, त्यांच्याकडे तेवढी माणसं आणि तेवढे पार्ट कुठे आहेत.

आधी इंजिन काय आहे ते बघा. टॉप फ्युएलमध्ये ५०० क्युबिक इंच, म्हणजे ८.२ लिटरचं व्ही-८, वर सुपरचार्जर, आणि पेट्रोलच्या जागी नायट्रोमिथेन, जास्तीत जास्त ९० टक्के, बाकीचं मिथेनॉल. नायट्रोच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट इंधन जाळता येतं. त्यातून ११,००० हॉर्सपॉवरच्या वर ताकद निघते असं मानतात. पण हे सगळं पावणेचार सेकंदांसाठी. स्पार्क प्लगची टोकं रन संपेपर्यंत जळून गेलेली असतात, बेअरिंग चेपलेली, क्लचच्या प्लेट्स झिजून निळ्या पडलेल्या. असं इंजिन पुढच्या राउंडला तसंच लावलं तर फुटणारच.

म्हणून गाडी ट्रॅकवरून पिटमध्ये ओढत आणली की ती उचलून स्टँडवर घेतात आणि सगळे एकदम तुटून पडतात. प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक माणूस डावं हेड, एक उजवं, एक जण खाली झोपून ऑइल पॅन काढून रॉड आणि बेअरिंग बघणार, क्लचवाला वेगळा, सुपरचार्जरवाला वेगळा. तिथे कोणी रिंग बसवत बसत नाही हो, पिस्टन आणि रॉड जोडून तयार ठेवलेले असतात, हेड तयार, क्लचचा सेट मोजून तयार, जुनं काढायचं नवं ठोकायचं. सगळं उघडून बसवून इंधन भरून पिटमध्येच एकदा स्टार्ट करून बघायचं, हे सगळं तासाभराच्या आसपास, आणि सेमी आणि फायनलच्या मध्ये त्याहूनही कमी वेळ मिळू शकतो. लहान टीम इथेच मार खाते. ड्रायव्हर तोडीचा असतो, गाडी तोडीची असते, पण तिसऱ्या राउंडपर्यंत चांगले पार्ट संपतात आणि मग क्रू चीफ हात राखून चालवायला लागतो.

आणि क्लचबद्दल तुम्हाला मजा वाटेल म्हणून सांगतो, या गाडीला गिअर बदलायचे नसतातच. क्लच स्टार्टला मुद्दाम घसरत ठेवलेला असतो आणि टायमरनं हळूहळू आवळत जातो, रनच्या शेवटाकडे तो पूर्ण धरतो. ट्रॅक्शन कंट्रोलला बंदी आहे, कॉम्प्युटरला फक्त नोंदी घ्यायची परवानगी, रन चालू असताना काही बदलायची नाही. म्हणजे क्लच कधी किती आवळायचा हे क्रू चीफनं पिटमध्ये, ट्रॅकचं तापमान बघून, आणि आधीची जोडी कशी गेली ते बघून ठरवायचं. दुपारी आधीच्या तीन जोड्यांचे टायर एकाच ठिकाणी सुटलेले दिसले की मागे उभे असलेले सगळे क्रू चीफ एकदम गाडीपाशी वाकलेले दिसतील, ते बघायला विसरू नका, मला तर रेसपेक्षा कधी कधी तेच जास्त आवडतं.

माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. रात्री मित्रांबरोबर बायपासला जातो, म्हणतो आम्ही ड्रॅग करतो, एक हरला की बाद. तुमच्या लेखाचं कात्रण त्यानं कपाटाला लावलंय. मी काय करू? (सिंहगड रोडवरून एक आई)

ताई, पहिल्यांदा गाडीची चावी काढून घ्या आणि मग पुढचं वाचा.

कायद्याचं आधी सांगतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलगा अठराच्या आतला आहे म्हणून कलम १९९अ पण लागतं आणि ते तुमच्यावर लागतं, पालक किंवा गाडीचा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वर गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द. २०२४ मध्ये कल्याणीनगरला काय झालं ते पुण्यात कोणाला सांगायला नको.

आता त्याला दाखवायला हे. टॉप फ्युएल आणि फनी कार या दोन क्लासची रेस आधी पूर्ण पाव मैलाची, म्हणजे १,३२० फुटांची असायची. जून २००८ मध्ये न्यू जर्सीत इंग्लिशटाउनला क्वालिफाइंगमध्ये स्कॉट कलिटा हा ड्रायव्हर जिवानिशी गेला, इंजिनला आग लागली, गाडी थांबली नाही आणि ट्रॅकच्या टोकापर्यंत गेली. तो दोन वेळचा टॉप फ्युएल चॅम्पियन होता. पुढच्याच महिन्यापासून या दोन क्लासचं अंतर १,००० फुटांवर आणलं, म्हणजे साधारण ३०५ मीटर, कारण थांबायला जागा जास्त पाहिजे. ज्यांच्याकडे दोन पॅराशूट, फायरसूट, दोन्ही बाजूला भिंती आणि टोकाला वाळू आहे त्यांना जागा कमी पडली. नवले पुलाच्या उतारावर समोर काय असतं? रिव्हर्स घेणारा टँकर.

मुलाला खरंच आवड असेल तर मार्ग आहे आणि तो त्याला दाखवलात तर भांडण कमी होईल. आपल्याकडे एफएमएससीआय ही मोटरस्पोर्टची अधिकृत संस्था आहे, तिचं स्पर्धेचं लायसन्स काढावं लागतं. बाइकची राष्ट्रीय ड्रॅग चॅम्पियनशिप चेन्नईजवळच्या ट्रॅकवर होते, बेंगळुरूच्या हेमंत मुद्दप्पानं ती बऱ्याच वेळा जिंकलीये. आपल्या जवळ म्हणाल तर अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाची ड्रॅग स्पर्धा भरलेली आहे. तोपर्यंत वर्षभर त्यानं नाना पेठेच्या या मालकांकडे जाऊन हेड खोलायला शिकावं, मालक, बघा काही जमतंय का.

यात मुली असतात का हो? (फर्ग्युसन रोड)

भरपूर, आणि वेगळा महिला गट वगैरे काही नाही, त्याच लॅडरमध्ये त्याच दिव्यांखाली. शर्ली मल्डाउनी १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा टॉप फ्युएल चॅम्पियन झाली. बाइकमध्ये अँजेल सॅम्पी, आधी हॉस्पिटलमध्ये नर्स होती, तिनं २००० ते २००२ सलग तीन. ब्रिटनी फोर्स २०१७ आणि २०२२. पुण्यातल्या मुली टू-व्हीलर ज्या सफाईनं काढतात ते बघता मला यात नवल वाटत नाही.

तुम्ही म्हणता एलिमिनेशनमध्ये घड्याळ महत्त्वाचं नाही. कधीच नाही? (मागच्या अंकावर सहा मुद्द्यांचं पत्र पाठवणारे सदाशिव पेठेतले वाचक)

तुमचं पत्र येणार हे माहीतच होतं. कधीच नाही असं नाही, एक नमुना तर दंतकथा होऊन बसलाय. २००६ चा सीझन, शेवटची रेस कॅलिफोर्नियात पोमोनाला. टोनी शुमाकर आणि डग कलिटा यांच्यात चॅम्पियनशिप अडकलेली. शुमाकर फायनलला पोचला तेव्हा हिशेब असा की नुसती फायनल जिंकून भागत नाही, राष्ट्रीय रेकॉर्डही मोडायचं, कारण रेकॉर्डचे २० पॉइंट वेगळे मिळायचे. म्हणजे शेजारच्या लेनलाही हरवायचं आणि घड्याळालाही, एकाच रनमध्ये. आता त्याचा क्रू चीफ अ‍ॅलन जॉन्सन याची अवस्था काय असेल बघा, वर ज्या पॉवर कमी-जास्त करण्याच्या जुगाराबद्दल लिहिलं तो त्याला खेळताच येत नव्हता, कमी करायची सोयच नव्हती. गाडी पाव मैल ४.४२८ सेकंदांत गेली, फायनल जिंकली, रेकॉर्ड झालं, आणि चॅम्पियनशिप १४ पॉइंटनी मिळाली. अमेरिकेत याला नुसतं 'द रन' म्हणतात. डग कलिटाला पहिली चॅम्पियनशिप मिळायला मग २०२३ उजाडलं.

तुमचे उरलेले पाच मुद्दे पुढच्या अंकात.

हे बघायचं कधी? आमच्याकडे रात्री टीव्ही सासरे सोडत नाहीत. (बिबवेवाडी)

रविवारीच, फक्त आपली वेळ पुढे सरकते. उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्वेकडची रेस सकाळी ११ ला सुरू झाली तर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, म्हणजे सासऱ्यांच्या बातम्या. नोव्हेंबरात पोमोनाला सकाळी ११ ला सुरू झाली तर आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, तोवर टीव्ही मोकळा. सगळं जागून बघणं होत नसेल तर पहिला राउंड तेवढा बघा, प्रत्येक क्लासच्या आठ जोड्या असतात आणि मोठी नावं तिथेच पडतात. फायनल सकाळी चहाबरोबर बघितली तरी चालते, फक्त त्याआधी फोन उघडू नका.